जात वैधतेचा अर्ज आणि सेटलमेंटच्या शाळेचं रजिस्टर

धाकट्या भावाचं जात वैधता प्रमाणपत्र जून २०२४ मध्ये हातात आलं. तेव्हापासून समाजातल्या लोकांचे फोन येत आहेत. सुरुवात कुठून केली, कोणता पुरावा चालला, वकील लावला का, किती पैसे गेले. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा बयाजवार लिहिते. आम्ही कैकाडी, प्रवर्ग विमुक्त जाती (अ). ज्यांच्या घरी शेत नव्हतं, त्यामुळे सातबारा नाही, आणि आज्याच्या नावाचा एकही कागद घरात नाही, अशांसाठी हे मुख्यतः आहे.

आधी थोडं मागचं. २०१४ साली मी बारावी झाले तेव्हा हेच प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही. ‘१९६१ पूर्वीचा पुरावा जोडा’ एवढ्या एका ओळीवर माझा अर्ज अडकला. खुल्या प्रवर्गाची फी भरण्याची ऐपत नव्हती, नर्सिंगची जागा गेली आणि मी बी.कॉम. केलं. त्यामुळे भाऊ दहावी पास झाला त्याच आठवड्यात मी फाईल उघडली. अकरावी-बारावीची दोन वर्षं हातात असताना कामाला लागा, ही माझी पहिली विनंती. काही वर्षी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देतात, पण मुदतीत वैधता आली नाही तर तो टिकत नाही.

पुष्कळांना वाटतं की जातीचा दाखला आहे म्हणजे काम झालं. तसं नाही. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही हे जिल्ह्याची जात पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता देते. यासाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, २००१ पासून लागू असलेला, आणि त्याचे २०१२चे नियम आहेत. कायद्यातलं कलम ८ प्रत्येक अर्जदाराने वाचावं. आपली जात आपणच सिद्ध करायची, तो भार आपल्यावर, असं त्यात सरळ म्हटलं आहे. सिद्ध करायचं म्हणजे एका ठरावीक तारखेच्या आधीपासून आपलं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि त्याच जातीचं होतं हे दाखवायचं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि आपल्यासाठी, म्हणजे विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी, २१ नोव्हेंबर १९६१.

कैकाडी समाजापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तेच लोक, तीच भाषा, सोयरीकही एकमेकांत, पण जिल्हा बदलला की प्रवर्ग बदलतो. त्यामुळे विदर्भातल्या नातेवाइकाचा दाखला आपल्या अर्जाला जोडण्याआधी विचार करा. आमच्या मामांच्या बाजूला असा दाखला आहे. तो आम्ही जोडला नाही, आणि तसंही आईकडचे कागद इथे सहसा धरत नाहीत. वडिलांची बाजूच लागते. लग्न झालेल्या मुलींनीही माहेरचे, बापाकडचेच कागद लावायचे.

ऑगस्ट २०२३ मध्ये बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) संकेतस्थळावरून अर्ज भरला. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, भावाचा आणि आण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे दाखले, रेशनकार्ड आणि दोन प्रतिज्ञापत्रं: एक वंशावळीचं, दुसरं जोडलेली कागदपत्रं खरी असल्याचं. या प्रतिज्ञापत्रांवर मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतात. तरी बाहेर टाइप करणारे स्टॅम्प पेपर घ्यायलाच सांगतात. आम्ही साध्याच कागदावर केली आणि कुणी हरकत घेतली नाही. वंशावळ मात्र घाईत लिहू नका. पणज्यापासून खाली प्रत्येक भाऊ-बहीण, मयत असेल तर तसं. पुढे प्रत्येक जबाब त्या कागदाशी ताडून पाहतात.

ऑक्टोबरमध्ये त्रुटीचा मेसेज आला. तीच ओळ, जी माझ्या अर्जावर होती: मानीव दिनांकापूर्वीचा (म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा) जातीचा व वास्तव्याचा पुरावा. सोबत यादी: कोतवाल बुकाचा उतारा, गाव नमुना १४ (दोन्ही गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), सातबारा, खासरा पत्रक, हक्क नोंद, आजोबांचा शाळेचा दाखला. मी ती यादी आण्णांना वाचून दाखवली. ते रंगकाम करतात, ब्रश धूत बसले होते. म्हणाले, “जमीन असती तर सातबारा असता. गाढवांवर बिऱ्हाड घालून फिरणाऱ्याचं पोर कुठल्या गावच्या कोतवालानं लिवलं आसंल?” खरंच आहे. या यादीतला जवळजवळ प्रत्येक कागद एका जागी राहणाऱ्याचा आहे. आपली माणसं टोपल्या, डालगी, कणग्या विणत गावोगाव फिरायची. ज्या गावात बाळंतपण झालं त्या गावाचं नावही पुष्कळदा कुणाच्या लक्षात नसतं.

समितीच्या आवाराबाहेर एक एजंट भेटला. पंचवीस हजार मागितले, ‘जुना दाखला मी आणतो’ म्हणाला. आम्ही तिथूनच परत फिरलो. तुम्हीही फिरा. खोट्या कागदावर मिळवलेलं प्रमाणपत्र रद्द होतं, शिवाय त्याच कायद्यात तुरुंगाची शिक्षा आहे. पोराचं शिक्षण पुरं झाल्यावरही ते उघडं पडू शकतं.

मग दिवाळीत सोलापूरला आत्याआजीकडे गेलो. आत्याआजी म्हणजे आण्णांची आत्या, आज्याची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. तिला मी २०१४ मध्येही विचारलं होतं आणि तेव्हा ती ‘मला काय ठावं न्हाई’ एवढंच बोलली होती. या खेपेला भावाने लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ नेलं होतं. पुस्तक आमच्याच समाजातल्या माणसाने लिहिलेलं, १९८० साली आलेलं, साहित्य अकादमी मिळालेलं. भाऊ तिला पानं वाचून दाखवायला लागला. गाढवांवरचं बिऱ्हाड, टोपल्या, शाळेत घातलेलं पोर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मध्येच त्याला थांबवलं आणि म्हणाली, “तुझा पणजा तारंच्या आत ऱ्हात हुता. आमी समदीच. पास असल्याबिगर भाईर जाता येत न्हवतं. बा गिरणीत जायाचा, येताना हजेरी. तुझा आज्जा तितल्याच साळंत हुता.”

आण्णा तिच्या शेजारी बसले होते. त्यांचं वय पंचावन्न, आणि आपला बाप सेटलमेंटमध्ये वाढला हे त्यांना त्या दिवशी कळलं. आज्याने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात सरकारने ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केलेलं असो वा नसो, त्याची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी. तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या, त्या सेटलमेंट. सोलापूरची त्यातली मोठी, तिथल्या लोकांनी गिरण्यांत राबायचं. सरकारच्या या जाहीरनाम्याला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. हे सगळं ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झालं. आपण ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो तो म्हणून. हजेरीबद्दल मी पहिल्यांदा अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त वाचलं होतं. ती माझ्या पणज्यानेही दिली असेल हे मनात कधी आलं नव्हतं.

आत्याआजीच्या त्या एका वाक्याने शोधाची दिशाच बदलली. इतके दिवस आम्ही गावं धुंडाळत होतो. आता शाळा शोधायची होती. सेटलमेंटमध्ये मुलांना शाळा सक्तीची होती, आणि शाळा म्हटली की जनरल रजिस्टर आलं, त्यात जातीचा रकाना आला. जुनी शाळा बंद झाली तरी तिची रजिस्टरं सहसा ज्या शाळेत ती सामावली जाते तिथे, नाहीतर शिक्षण मंडळाच्या कार्यालयात जातात. आत्याआजीने वस्ती सांगितली, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी शाळा सांगितली.

त्या नोव्हेंबरात राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालू होता. न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे कार्यालयांतली, शाळांतली जुनी दप्तरं बाहेर काढून तपासत होते. याचा आम्हाला फायदा झाला. कुलूपबंद कपाटं उघडी होती आणि मुख्याध्यापक बाईंना कोणतं रजिस्टर कोणत्या सालचं हे नुकतंच बघून झालेलं होतं. त्यांनी आमचा अर्ज घेतला, पोच दिली आणि आम्हालाही समोर बसवून पानं उलटली. अर्ज देताना पोच घ्याच, आणि अर्जात माणसाचं नाव, बापाचं नाव, अंदाजे जन्मसाल आणि अंदाजे प्रवेशाचं साल हे चारही लिहा. नुसतं नाव दिलं तर कुणी शोधत बसत नाही.

नोंद १९४४ची निघाली. आज्याचं नाव, पुढे वल्द आणि पणज्याचं नाव, आडनावाच्या जागी ‘कैकाडी’. जातीच्या रकान्यात पुन्हा ‘कैकाडी’. राहण्याच्या ठिकाणी ‘सेटलमेंट’. रजिस्टरच्या माथ्यावर इंग्रजीत छापलेलं होतं: क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट. भाऊ ते वाचून गप्प झाला. मी बाईंकडे साक्षांकित उतारा मागितला. माझा हात थरथरत होता, आनंदाने की रागाने हे मला आजही नीट सांगता येत नाही. सात वर्षांच्या पोराचं नाव ज्यांनी त्या मथळ्याखाली लिहिलं, त्यांना त्याला कोंडून ठेवायचं होतं. त्या कुटुंबाची जात, जागा आणि बापाचं नाव ऐंशी वर्षांपूर्वी कुणी इतकं नीट लिहून ठेवलं असेल तर ते फक्त त्यांनीच. गावाने लिहिलं नाही, तलाठ्याने लिहिलं नाही.

म्हणून माझं आपल्या लोकांना कळकळीचं सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना सेटलमेंटबद्दल विचारा. ते लाजेने सांगणार नाहीत, विषय बदलतील. ती लाज त्यांची नाही, ज्यांनी तार घातली त्यांची आहे. सोलापूर असो, बारामती असो, विजापूर-हुबळीकडची असो, तुमचा आज्जा-पणजा कुठल्याही सेटलमेंटमध्ये होता का हे एकदा कळलं की पुरावा कुठे शोधायचा ते कळतं.

उतारा मिळाला तरी आडनावाची अडचण राहिली. आज्याने पुढे दुसऱ्या जिल्ह्यात येऊन बिऱ्हाड टाकलं तेव्हा आमचं आताचं आडनाव लावलं. आण्णांच्या दाखल्यावर ते आडनाव आहे, १९४४च्या नोंदीत नाही. दोन्ही माणसं एकच हे दाखवायला आम्ही तीन गोष्टी जोडल्या: आज्याचा मृत्यूचा दाखला (त्यावर पणज्याचं नाव आहे), आत्याआजीचं प्रतिज्ञापत्र, आणि तिची स्वतःची त्याच शाळेतली नोंद, जी त्याच खेपेला सापडली होती. सख्ख्या भावंडांच्या नोंदी एकत्र सापडल्या तर त्या सगळ्यांचे उतारे काढा. एकाला दुसऱ्याचा आधार होतो.

जानेवारीत पूर्तता केली. समितीने प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवलं. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. दक्षता पथक म्हणजे पोलीस. ते शाळेत जाऊन मूळ रजिस्टर तपासतात आणि घरी येऊन जबाब घेतात. फेब्रुवारीत, भावाची बारावीची परीक्षा तोंडावर असताना, फोन आला की उद्या येतो. आण्णांनी त्या रात्री जेवण केलं नाही. ऐन विशीत असताना शेजारच्या आळीत चोरी झाली म्हणून त्यांना रात्रभर बसवून ठेवलं होतं. कागद नाही, नाव नाही, कैकाडी आहे एवढं पुरलं. १९५२ ला कायदा गेला, पण त्याच्या जागी सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या मनातली यादी काही पुसली गेली नाही. त्यामुळे पोलीस दारात येणार आणि तो आपल्या कामासाठी येणार, हे आण्णांना पटवणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं माझ्यासाठी सर्वांत अवघड काम होतं.

आलेले हवालदार साध्या कपड्यांत होते, बोलणं मऊ होतं. त्यांनी विचारलेलं बरंचसं आधी माहीत असलं तर बरं पडतं: कुलदैवत कोणतं, देवक काय, लग्नात कोणते विधी, मयताला काय करतात, पारंपरिक धंदा कोणता आणि टोपली कशापासून विणतात, सोयरिकी कोणत्या आडनावांत होतात, घरात भाषा कोणती. आण्णा सुरुवातीला उभेच राहून उत्तरं देत होते. हवालदारांनी दोनदा बसायला सांगितलं तेव्हा बसले. भाषेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी कैकाडीत चार वाक्यं बोलून दाखवली, आणि तिथून पुढे त्यांचा आवाज मोकळा झाला. भावाला भाषा येत नाही. त्याने तसं स्पष्ट सांगितलं, शहरात वाढलो, समजते पण बोलता येत नाही. ते जबाबात तसंच लिहिलं गेलं आणि त्याने काही बिघडलं नाही. पाठांतर करून उत्तरं देऊ नका. अशा चालीरीतींच्या चाचणीवर सगळं अवलंबून ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात म्हटलं आहे. जुन्या कागदाचं वजन मोठं असतं.

जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायला मागा. आमच्यात पणज्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं. सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं. तेच नाव तसंच राहिलं असतं तर वंशावळीशी जुळलं नसतं.

एप्रिलमधली सुनावणी लोकसभेच्या निवडणुकीच्या कामांमुळे पुढे गेली. मे अखेरीस बोलावलं. आम्ही वकील लावला नाही. तीन जण समोर होते. त्यांनी आडनावाबद्दल विचारलं, आम्ही तीन कागद क्रमाने पुढे ठेवले. मग त्यांच्यातल्या एकांनी १९४४चा उतारा उचलून माथ्यावरचा मथळा मोठ्याने वाचला आणि आण्णांना विचारलं, “हे तुमचे वडील?” आण्णा म्हणाले, “व्हय साहेब. सात वर्साचं हुतं.” त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

निकाल विरोधात गेला असता तर समितीवर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पण करता येते. पणज्याला कुठल्याच कोर्टाची पायरी नव्हती. मी त्याची तयारी म्हणून सुनावणीची नोटीस, पोचपावत्या, जबाबाची नक्कल हे सगळं तारखेप्रमाणे एका फाईलीत लावून ठेवलं होतं. तुम्हीही ठेवा.

खर्च विचारतात म्हणून: सोलापूरच्या येण्याजाण्याचं भाडं, झेरॉक्स, टायपिंग, नोटरी आणि आण्णांची बुडालेली रोजी धरून दहा हजारांच्या आसपास गेले. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम बुडालेल्या रोजीची आहे.

आता पुढचं. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१० चा अपूर्वा निचळे प्रकरणातला निकाल आहे: वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला नीट चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर समितीने साधारणपणे त्याच कुटुंबातल्या दुसऱ्याला ती नाकारू नये. म्हणजे घरातल्या पहिल्या अर्जाला जो त्रास होतो तो पुढच्यांना तेवढा होत नाही. भावाला विमुक्त जातींच्या तीन टक्क्यांत इंजिनीअरिंगला जागा मिळाली. त्याच्या वैधतेची प्रत जोडून चुलत बहिणीचा अर्ज ऑगस्टमध्ये भरला आहे. ती अकरावीत आहे, तिला नर्सिंगला जायचं आहे. तिच्या फाईलीतही १९४४चा उतारा मी वेगळा काढून लावला आहे, कारण नातेवाइकाच्या वैधतेसोबत मूळ पुरावाही असावा असं मला वाटतं. शाळेकडून उतारा घेताना एकदमच पाच-सहा साक्षांकित प्रती मागून घ्या. कागद जुना आहे, कडा तुटत आहेत.